भावना कमी

आनंदराजला गप्प बसवत नसे. हा गुण म्हणावा की रोग, यावर वसतिगृहात दोन मतं होती. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ते कार्डशीटवर टपोऱ्या अक्षरात लिहून जिन्याच्या भिंतीला लावणारा तो एकटाच. त्या भित्तिपत्रकाचं नाव ‘थेट’. संपादक तोच, लेखक तोच आणि मेसमधून मैदा मागून आणून खळ शिजवणाराही तोच. दर शुक्रवारी नवा कागद लागायचा आणि जेवायला निघालेली पोरं ताटं काखेत धरून तो वाचत थांबायची.

एम.ए. मराठीचं त्याचं दुसरं वर्ष चालू होतं. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालेलं. विद्यार्थी बावीस वर्षांचे आणि विद्यापीठ एका वर्षाचं, म्हणजे पोरांनीच आईला कडेवर घ्यावं तशी गत. ‘थेट’ला खाद्य भरपूर होतं. कोणत्या सरांच्या नोट्सचे कागद पिवळे पडलेत, ग्रंथालयातलं हवं ते पुस्तक नेमकं कुणाच्या घरी मुक्कामाला आहे, कोकणातल्या वीज प्रकल्पावरून पेपरात चाललेलं भांडण आणि लोह्यात रोज दुपारी न चुकता जाणारी वीज, असं सगळं त्यात यायचं. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, व्हरांड्यात चार येरझाऱ्या घालायच्या आणि पुन्हा बसायचं, अशी त्याची लिहिण्याची तऱ्हा होती. पोरगं जागच्या जागी कधी दिसायचंच नाही.

त्या आठवड्यात गणपती दूध प्यायला. गुरुवार होता, एकवीस सप्टेंबर पंच्याण्णव. दिल्लीकडून निघालेली बातमी दुपारपर्यंत नांदेडात पोचली आणि संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर काळा चहा मिळू लागला. आनंदराजच्या खोलीत राहणारा रेणुकादास हा किनवटच्या शाळामास्तरांचा मुलगा. त्यानं मेसमधला चमचा धुऊन खिशात घातला आणि विचारलं, “येतोस का?”

“तुमचा देव, तुमचं दूध. माझं काय काम तिथं?” आनंदराज म्हणाला आणि चप्पल घालून त्याच्या मागं निघाला.

दुसऱ्या दिवशीच्या ‘थेट’मध्ये त्यानं लिहिलं: ‘माझा विश्वास नव्हता आणि नाही. तरी मी तासभर रांगेत उभा राहिलो. चमच्यातलं दूध खाली गेलं तेव्हा मला बरं वाटलं. ते का वाटलं, हे मला अजून कळलेलं नाही.’ या चार ओळींवरून भाविक चिडले ते चिडलेच, त्याचे चळवळीतले मित्रही चिडले. एकानं जिन्यात गाठून विचारलं, बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञांची पाटी खोलीत लावतोस आणि चमचा घेऊन फिरतोस? आनंदराज म्हणाला, चमचा रेणुकादासचा होता. पण मनातून तो खूश होता. दोन्हीकडून शिव्या पडल्या म्हणजे आपण खरं लिहिलं, असा त्याचा एक सोयीचा हिशेब होता.

मात्र एका गोष्टीबद्दल ‘थेट’नं कधी चकार शब्द काढला नव्हता. ती म्हणजे संपादकाचा रविवार.

रविवारी सहाच्या एसटीनं तो लातूरला जायचा. गाडी तासाभरात लोह्याला लागायची. त्याचं गाव तिथून दोन कोसांवर. त्याची आई, नागुबाई, पायी चालत येऊन स्टँडवर उभी असायची आणि खिडकीतून भाकरीचं फडकं वर द्यायची. गाडी तीन मिनिटं थांबे. तेवढ्यात दोघांचं काय बोलणं होणार? ती म्हणे, “खाऊन घे,” तो म्हणे, “हाव,” आणि गाडी अहमदपूरच्या वाटेला लागे.

लातुरात तेव्हा दोन गोष्टींना तोटा नव्हता, सिमेंटला आणि क्लासला. भूकंपानं पडलेली गावं नव्यानं उभी राहत होती आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकत होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप पोरांना ट्रंका घेऊन इथं आणून सोडत होते. हणमंतराव सरांचा क्लास त्यातलाच एक. दहावीची एकशे अडतीस मुलं. सोमवारी चाचणी, बुधवारी चाचणी आणि त्या दोन चाचण्यांत काय चुकलं याची रविवारी चाचणी. हणमंतराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, बाह्यांना कायम खडू लागलेला, स्वभावानं सरळ. ‘पेपर तपासणाऱ्याजवळ तीन मिनिटं असतात’ हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि सगळा क्लास त्या तीन मिनिटांसाठी चालायचा.

मराठी आनंदराजकडं होतं. मार्चच्या परीक्षेत निबंधाला ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’ येणार, असा हणमंतरावांचा होरा होता. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मनोगत म्हणजे काय हे सांगायला नको. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, पडक्या किल्ल्याचं मनोगत, म्हाताऱ्या बैलाचं मनोगत. ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे आणि ‘होय, मीच तो’ म्हणून सुरुवात करायची. दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत भूकंपग्रस्तही जाऊन बसला होता.

आदर्श निबंध आनंदराजनं वसतिगृहातल्या खाटेवर बसून एका दुपारीत लिहिला. उंटावरून शेळ्या हाकायला वेळ तो किती लागणार? ‘होय, मीच तो अभागी भूकंपग्रस्त!’ अशी सुरुवात. मधे काळरात्र, आक्रोश, नियतीचा घाला. आणि शेवटी उजाडताना ढिगाऱ्यातून बाहेर आलेला, हिरव्या बांगड्यांनी भरलेला आईचा हात. तो हात वाचून हणमंतरावांनी चष्मा काढून पुसला होता. निबंधाच्या प्रती निघाल्या, मुलांनी पाठ केला, आणि क्लासमध्ये आनंदराजला ‘मनोगतवाले सर’ म्हणू लागले.

सहामाहीचे पेपर त्यानं नांदेडला आणून तपासले. बोर्डाची सवय लागावी म्हणून पेपरवर नाव नसायचं, फक्त नंबर. एकशे अडतीस पेपर आणि जवळजवळ प्रत्येकात आईचा हात. पन्नासाव्या पेपरानंतर आनंदराजला हसावं की रडावं कळेना. एका पोरानं घाईत आईला दोनदा मारलं होतं. तीन पेपर झाले की तो उठून व्हरांड्यात फिरून यायचा, पुन्हा बसायचा आणि आठ, आठ, साडेसात असे मार्क टाकत पुढं जायचा.

सत्त्याऐंशी नंबरचा पेपर तेवढा रांग सोडून होता. सुरुवातच नव्हती. ‘आमचं घर माळदाचं होतं,’ असं एकदम सुरू. आनंदराजनं ‘माळद’ला, म्हणजे मातीच्या सपाट धाब्याला, लाल गोल करून बाजूला ‘माळवद’ लिहिलं. मधे कुठंतरी चुरमुरे आले होते, तिथं ‘विषयांतर’ लिहिलं. आई शेवटपर्यंत जिवंतच राहिली, तिथं ‘शेवट परिणामकारक नाही’ असं लिहिलं. मग खाली शेरा मारला, ‘भावना कमी’, दहापैकी चार दिले आणि अठ्ठ्याऐंशी नंबर पुढं ओढला.

रविवारी, चोवीस तारखेला, पेपर वाटले. तास सुटल्यावर एक मुलगी फळ्यापाशी थांबून राहिली. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, हातात पेपराची सुरळी. शिवकांता तिचं नाव. मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

“सर, भावना कमी म्हणजे कुठं कमी पडल्या?” तिनं विचारलं.

आनंदराजनं पेपर हातात घेतला. सत्त्याऐंशी. तो मास्तरी आवाजात म्हणाला, “असं बघ, मनोगत लिहिताना आपण त्या माणसाच्या जागी आहोत अशी कल्पना करायची. ज्याचं सगळं गेलं त्याला काय वाटलं असेल? डोळे मिटायचे आणि मनानं त्या गावात जायचं.”

शिवकांतानं क्षणभर विचार केला.

“म्या तिथलीच हाय, सर.”

“कुठली?”

“किल्लारीच्या अल्याड गाव हाय आमचं. होतं.”

आनंदराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पेपर पुन्हा वाचायला घेतला. आता तो पहिल्यांदाच वाचत होता.

‘आमचं घर माळदाचं होतं. भिंती दोन हात रुंद होत्या, म्हणून उन्हाळ्यात गार राहायचं. त्या दिवशी गणपती बोळवून आलो. भिंतीकडची जागा गार असते. ती मला पाहिजे होती, पण अक्कानं घेतली. मी रुसून अंगणात आईजवळ जाऊन झोपले. सकाळी मला भूक लागली होती. कुणीतरी चुरमुरे दिले, ते मी खाल्ले. तवर अक्का सापडली नव्हती. नंतर बघायला लई लोक आले. कसं वाटतंय असं विचारायचे. मला सांगता येत नव्हतं म्हणून ते दुसऱ्याच्या घरी जायचे. आई वाचली. आता सरकारचं घर मिळालंय, पण आई त्यात झोपत नाही, पत्र्याच्या शेडमध्येच झोपते.’

बस, एवढंच. आणि त्याच्यावर आनंदराजची लाल शाई.

“मी वाढवून देतो मार्क,” तो म्हणाला. “माझी चूक झाली.”

“न्हाई, सर.” शिवकांतानं मान हलवली. “तुम्ही द्याल वाढवून. मार्चमधी पेपर तपासणारे देतील व्हय?”

मग तिनं जे होतं ते सांगून टाकलं. पुढच्या रविवारी शेवटची चाचणी होती. त्यानंतर पहिल्या तीस मुलांची विशेष तुकडी होणार. तुकडीत आली तर मार्चपर्यंत तिला क्लासच्या मुलींबरोबर लातुरात राहता येणार. नाही आली तर गावी परत, आणि गावच्या शाळेत दोन वर्षांपासून गणिताला मास्तर नव्हता. ती बत्तिसावी होती. तिसाव्या नंबराच्या मागं दोन मार्क. गणितात तिला पैकीच्या पैकी, विज्ञानातही तसेच. खाली ओढलं होतं ते मराठीनं.

“मला शिकवा, सर,” ती म्हणाली. “भूकंपग्रस्त कसं बोलतो, ते मला शिकवा.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं आनंदराजला वाटलं. तिनं वहीतून त्याच्याच आदर्श निबंधाची प्रत काढली. घड्या पडून पडून कागद फाटायला आला होता. तिनं शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“समदं पाठ हाय, पण इथं आलं की लिहवत न्हाई. आईला मारावंच लागंल का?”

“तसं काही नाही.”

“पण समद्यांनी मारलीय. त्यांना आठ पडले.”

‘बघू’ असं काहीतरी पुटपुटत तो हणमंतरावांच्या खोलीत गेला आणि पेपर त्यांच्यापुढं ठेवला. हणमंतरावांनी तो दोनदा वाचला.

“चाराचे आठ करा,” ते म्हणाले, “माझी ना नाही. पण आनंदराज सर, मार्चमध्ये हिचा पेपर कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. तिथल्या मास्तरापुढं तीनशे पेपरांचा गठ्ठा आणि तीन मिनिटं. तो काय शेरा मारील?”

आनंदराज पेपरावरची स्वतःची लाल शाई बघत होता.

“तुम्ही मारला तोच मारील. तुम्ही तर एम.ए. करून राहिलात. त्याला बिचाऱ्याला कशाला नावं ठेवता?” हणमंतरावांनी पेपर परत दिला. “पोरगी हुशार आहे. मला ती तुकडीत पाहिजे. तिला खरं लिही म्हणून सांगितलं तर तुमचं मन शांत होईल. मार्क कुणाचे जातील?”

हणमंतराव चुकीचं बोलत असते तर भांडता आलं असतं. आनंदराज बाहेर आला, शिवकांताच्या शेजारच्या बाकावर बसला आणि त्यानं तिला शिकवलं. सुरुवातीला उद्गार. मग रात्रीचं वर्णन. ‘माळद’ नाही, ‘माळवद’. भुकेचा उल्लेख नको. बहिणीशी भांडण नको, त्यानं वाचणाऱ्याची सहानुभूती कमी होते. ती मान डोलावत एकेक गोष्ट वहीत टिपून घेत होती, गणिताची सूत्रं उतरून घ्यावीत तशी. आईपाशी आल्यावर तो थांबला. तीही थांबली. मग तिनं स्वतःच वही मिटली आणि म्हणाली, “ते म्या बघते, सर.”

नांदेडला परतल्यावर त्याला कशातच लक्ष लागेना. मेसमध्ये अर्धी पोळी टाकून उठला, वर्गात एका सरांना उगाच उलटून बोलला, ग्रंथालयात तीन टेबलं बदलली. गुरुवारी तो कार्डशीट पुढं घेऊन बसला आणि एकामागून एक तीन कागद फाडले. रेणुकादास बराच वेळ बघत होता.

“पिंजऱ्यातल्या उंदरासारखा काय फिरून राहिलास चार दिवसांपासून?” त्यानं विचारलं.

आनंदराजनं सगळं सांगितलं. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात कॉलेजची मुलं तिकडं ढिगारे उपसायला गेली होती, त्यात रेणुकादास होता. आठ दिवसांनी परत आला तेव्हा महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता.

“तू नव्हतास तेव्हा,” तो म्हणाला. “तुला ताप होता.”

आनंदराज उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि चौथा कागद घेऊन बसला. या वेळी तो मधे उठला नाही. शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, जिन्याच्या भिंतीवर हे लागलं: ‘त्या पहाटे माझी खाट हलली. खाली कुत्रं असेल म्हणून मी कूस बदलून झोपलो. दोन दिवसांनी मुलं तिकडं निघाली तेव्हा मला ताप आहे असं मी सांगितलं. मला ताप नव्हता. मला प्रेतांची भीती वाटत होती. त्यानंतर ती गावं न बघता मी त्यांच्यावर निबंध लिहिला. तो एकशे अडतीस मुलांनी पाठ केला. जिनं सगळं बघितलं तिला मी चार मार्क दिले.’

पोरं ताटं काखेत घेऊन वाचत होती आणि काही न बोलता जेवायला जात होती. या वेळी कुणी चिडलं नाही, आणि तेच आनंदराजला जड गेलं. रेणुकादासनं शेवटपर्यंत वाचलं.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “निघताना मी तुझ्या कपाळाला हात लावला होता. गार होतं.”

रविवारी एक तारखेला गाडी लोह्याला लागली. नागुबाई नेहमीच्या जागी उभी होती. खिडकीतून भाकरीचं फडकं धरलेला हात वर आला. मनगटभर हिरव्या बांगड्या, नखांत माती. दोन वर्षं दर रविवारी हा हात तो बघत होता. आज त्याला कळलं की तो आपण कुठं नेऊन पुरला. खाटेवर बसून हाताची गरज पडली तेव्हा हाच हात आयता सापडला होता, आणि मग एकशे अडतीस पोरांनी तो पुन्हा पुन्हा पुरला. त्यानं फडकं मांडीवर टाकलं आणि हात सोडलाच नाही.

“काय झालं रं?” नागुबाई टाचा उंचावून म्हणाली. “ताप हाय का तुला?”

“न्हाई, माय. ताप न्हाई.”

“मग सोड की. गाडी निघाली.”

क्लासमध्ये चाचणी झाली. निकाल त्याच दिवशी लावायचा म्हणून पेपर तिथंच तपासायचे होते. आनंदराज चटचट मार्क टाकत गेला. सत्त्याऐंशी नंबर आला तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं. ‘होय, मीच ती अभागी भूकंपग्रस्त!’ अक्षर आधीच्यापेक्षा नेटकं. काळरात्र होती, आक्रोश होता, ‘माळवद’ बरोबर लिहिलं होतं. अक्का कुठंच नव्हती. चुरमुरे नव्हते. आणि शेवटी, उजाडताना, ढिगाऱ्यातून बाहेर आलेला हिरव्या बांगड्यांचा हात. त्या ओळीतले दोन शब्द खोडून पुन्हा लिहिले होते, बाकी कुठं खाडाखोड नव्हती. त्यानं दहापैकी नऊ दिले. शेऱ्याची जागा कोरी सोडली.

संध्याकाळी यादी लागली. शिवकांता अठ्ठाविसावी आली. पेपर घ्यायला ती शेवटी आली तेव्हा आनंदराजनं जमेल तितक्या सहज विचारलं, “तुझा तो आधीचा निबंध मला देतेस का? मी नांदेडला एक भित्तिपत्रक काढतो. त्यात लावावा म्हणतो. लोकांनी वाचायला पाहिजे.”

“न्हाई, सर.” ती लगेच म्हणाली. “चार मार्काचा पेपर कुणाला दाखविता? त्यो माझ्याजवळच राहू द्या.”

आनंदराजनं मान डोलावली. तिनं नवा पेपर हातात घेतला, नऊचा आकडा नीट बघून घेतला.

“आता भावना बरोबर झाल्या ना, सर?”

“हो,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तिनं पेपराची घडी घातली, आकडा वर राहील अशी.

“दिवाळीत आईला दाखविते. तिला वाचता येत न्हाई, आकडे तेवढे कळतात.” तिनं घडीवरून नख ओढलं. “बरं हाय ते.”

आणि घडी दप्तरात ठेवून ती विशेष तुकडीच्या खोलीकडं निघून गेली.